चौलचा वेढा (१५७०–७१) : अपयशाची मीमांसा

तालीकोटच्या लढाईत (१५६५) विजयनगरचा पाडाव झाल्यावर पाचच वर्षांनी विजापूरचा अली आदिलशहा, अहमदनगरचा मुर्तझा निजामशहा व कालिकतचा सामुरी यांनी पोर्तुगीजांविरुद्ध एकजूट केली. आदिलशहा गोव्यावर चालून गेला, निजामशहा चौलावर. येथे चौल म्हणजे आजचा रेवदंडा समजावयाचा. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशाहीच्याच अनुमतीने ठाणे बांधावयास घेतले ते तेथे. जुने चौल लगतच, निजामशाही अंमलाखाली होते.

डिसेंबर १५७० मध्ये पडलेला हा वेढा जुलै १५७१ मध्ये तहाने उठला. पोर्तुगीज लेखक निजामशाही सैन्याचा आकडा दीड लक्षापर्यंत नेतात. तो जसाच्या तसा ग्राह्य धरता येत नाही. सैन्य अफाट होते एवढे खरे. तटाबाहेरील घरे व मठ यांसाठी महिनोन्‌महिने झुंज चालली.

अपयशाचे कारण फिरिश्ता थोडक्यात सांगतो : पोर्तुगीजांनी निजामशाही सरदारांस नजराणे, विशेषतः मद्य, देऊन वश केले व त्यांनी रात्री आत रसद पोचू दिली. (मराठीत ‘दारू’ हा एकच शब्द मद्य व तोफेची दारू या दोहोंस चालतो, फिरिश्त्याने भर दिला तो पहिलीवर.) हे कारण खोटे ठरविण्याचे प्रयोजन नाही, पण ते अपुरे आहे. फिरिश्ता विजापूर दरबारच्या आश्रयाने, घटनेनंतर एका पिढीच्या अंतराने लिहीत होता, आणि पराभवाचे खापर फितुरीवर फोडणे दरबारी लेखकास नेहमीच सोयीचे असते. शिवाय सरदारांनी धान्य आत सोडले असे मानले, तरी फ्रान्सिस्कु माश्करेन्यश याने आणलेल्या कुमकेचे काय? ती गोव्याहून जलमार्गे आली. गोव्यास स्वतःलाच वेढा पडला असता व्हाइसरॉय लुईश द अताईद ती धाडू शकला, याचे मर्म समुद्रावरील सत्तेत आहे. निजामशहापाशी आरमार नव्हते. सामुरीची गलबते आली खरी, पण त्यांना बंदर बंद करता आले नाही. म्हणजे कोंडी तीनच बाजूंनी झाली होती; चौथी, कुंडलिकेच्या मुखाची, अखेरपर्यंत उघडी राहिली.

आष्टीसारख्या वर्धेकाठच्या गावातील अभ्यासकास हे प्रकरण दूरचे वाटेल. तथापि १५७४ मध्ये नरनाळा व गाविलगड हे दुर्घट गिरिदुर्ग जिंकून वऱ्हाडची इमादशाही संपविणारा निजामशहा हाच मुर्तझा होय. त्या वेळी तुफालखान नरनाळ्यावर अडकला होता, आणि त्याच्या साहाय्यास गलबते येणे शक्य नव्हते.