चार काड्या, पण आवाज नाही

२ जुलै २०१० रोजी अ‍ॅपलने ग्राहकांना उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केलं. आयफोन ४ बाजारात येऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि पहिल्या दिवसापासून एकच तक्रार येत होती. फोन डाव्या हातात नेहमीसारखा धरला की रेंजच्या काड्या एकेक करत उतरतात, पकड सैल केली की परत चढतात. पत्रातल्या खुलाशाने अनेकजण चक्रावले. कंपनीचं म्हणणं असं, की किती काड्या दाखवायच्या हे ठरवणारं सूत्रच चुकलेलं आहे. बऱ्याचदा फोन हव्यात त्यापेक्षा दोन काड्या जास्त दाखवतो. आणि ही चूक २००७ च्या पहिल्या आयफोनपासून चालत आलेली आहे.

तीन वर्षं लाखो लोक त्या काड्या बघून खिडकीपाशी जात होते, गच्चीवर चढत होते, कंपनीला फोन लावत होते. काड्यांना सर्वमान्य माप नाही, हे त्या पत्रामुळे प्रथमच सर्वांसमोर आलं. प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने त्या आखते. एका फोनवरच्या तीन आणि दुसऱ्यावरच्या तीन यांची तुलना होऊच शकत नाही.

संगणकाच्या सुट्या भागांच्या चाचण्यांसाठी नावाजलेल्या आनंदटेक या संकेतस्थळाने त्याच दिवसांत प्रत्यक्ष आकडे काढले. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, आणि ती उणे आकड्यांत येते. आयफोन ४ वर उणे ५१ पासून उणे ९१ पर्यंत पाचही काड्या दिसत. उरलेल्या चार काड्या पुढच्या अवघ्या २२ डेसिबलमध्ये कोंबलेल्या होत्या. फोन घट्ट धरला की सिग्नल २४ डेसिबलपर्यंत, म्हणजे सुमारे अडीचशेपट, खाली येत होता. टॉवरजवळ उणे ६० वर बसलेल्या माणसाला याचा पत्ताही लागत नसे. त्याच्या पाच काड्या पाचच राहत. उणे ८५ वर बसलेल्यालाही पाचच काड्या दिसत होत्या, पण मूठ आवळली की तो थेट एका काडीवर. दोघांचे फोन सारखे, काड्याही सारख्या, म्हणून एकाची तक्रार दुसऱ्याला खरी वाटत नव्हती.

कारण साधं होतं. फोनच्या कडेची पोलादी पट्टी हाच अँटेना होता, आणि तिच्यातली एक फट डावीकडे खालच्या बाजूला, नेमकी तळहात टेकतो तिथे होती. १६ जुलैला स्टीव्ह जॉब्ज यांनी पत्रकार परिषद घेतली, ब्लॅकबेरी, एचटीसी आणि सॅमसंगचे फोनही हातात धरल्यावर काड्या गमावतात हे दाखवलं, आणि सर्वांना फुकट कव्हर जाहीर केलं. त्यांच्या या बचावात तथ्य होतं. १९९८ च्या नोकिया ८८१० ने आणि त्यापाठोपाठ १९९९ च्या ३२१० ने फोनच्या डोक्यावरचा ठोंब काढून अँटेना पोटात घेतला. फोन देखणा झाला, खिशात अडकेनासा झाला, आणि अँटेना कायमचा माणसाच्या पंजाखाली आला. मात्र फटीवर हात टेकून दोन भाग जोडले जाण्याचा प्रकार आयफोन ४ चा खास स्वतःचा होता, त्याची बरोबरी इतर फोनांशी करणं न्याय्य नव्हतं.

दोष फोनचा की जागेचा, हा प्रश्न मोबाइलपेक्षाही जुना आहे. शहराची छोट्या षट्कोनी घरांत वाटणी करून त्याच त्या लहरी पुन्हा पुन्हा वापरायच्या, ही कल्पना बेल लॅब्जच्या डग्लस रिंग यांनी डिसेंबर १९४७ मध्ये एका टिपणात मांडली. कागदावर ते षट्कोन मधाच्या पोळ्यासारखे रेखीव दिसतात. जमिनीवर सिग्नल तसा वागत नाही. तो कसा वागतो हे शोधण्याचं किचकट काम योशिहिसा ओकुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये केलं. मोजणीची उपकरणं लावलेली गाडी घेऊन टोकियोत आणि आसपास, दाट वस्तीत, उपनगरांत, मोकळ्या रानात फिरायचं आणि सिग्नल नोंदवत जायचं. १९६८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष आलेखांच्या रूपात प्रसिद्ध केले, आणि १९८० मध्ये मासाहारू हाता यांनी ते आलेख सुटसुटीत सूत्रांत बसवले. पुढे जगभरच्या कंपन्यांनी टॉवर कुठे उभारायचे हे ठरवताना याच सूत्रांचा आधार घेतला.

ओकुमुरांच्या मूळ आलेखांतला आकडा मध्यक आहे, हे मात्र रेंजचा नकाशा बघणाऱ्याला कुणी सांगत नाही. निम्म्या जागी सिग्नल त्याहून चांगला, निम्म्या जागी वाईट. त्या निम्म्या वाईट जागा आधीच हिशेबात धरून कंपन्या वर थोडी जादा ताकद ठेवतात. किती ठेवायची हा खर्चाचा प्रश्न आहे. ती जिथे अपुरी पडते, तिथे कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं.

त्याच स्वयंपाकघरात ओट्याशी रेंज नाही आणि फ्रिजपाशी आहे, याचंही कारण पक्कं ठाऊक आहे. टॉवरकडून निघालेली लहर भिंती, गाड्या, टाक्या यांवर आपटून अनेक वाटांनी फोनपर्यंत येते. काही ठिकाणी या लहरी एकमेकींना बळ देतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात. ९०० मेगाहर्ट्झवर लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर असते, त्यामुळे सिग्नलचा चढ आणि उतार यांतलं अंतर वीतभरही नसतं. फोन हातात घेऊन दोन पावलं इकडेतिकडे सरकणारा माणूस अगदी बरोबर उपाय करत असतो. समोरून एक ट्रक गेला तरी खोलीतल्या या जागा बदलतात, म्हणून सकाळी सापडलेला कोपरा संध्याकाळी दगा देतो.

बाकी कारणं डोळ्यांना दिसत नाहीत. थ्रीजीमध्ये गर्दी वाढली की टॉवरचा पल्ला आक्रसतो, त्यामुळे कडेला राहणाऱ्याची रेंज ऐन संध्याकाळी जाते. टूजीच्या साध्या मांडणीत टॉवर सुमारे ३५ किलोमीटरपलीकडच्या फोनशी बोलूच शकत नाही, कारण लहरीला लागणाऱ्या वेळेचा हिशेब ६३ पायऱ्यांत संपतो आणि एक पायरी साधारण ५५० मीटरची. समुद्रात आडवं काही नसतं. त्यामुळे हर्णैहून किंवा मालवणहून खोल पाण्यात गेलेल्या नौकेवर काडी दिसावी आणि फोन मात्र लागू नये, असं होऊ शकतं. त्यात भर घरोघरी परवानगीशिवाय लावलेल्या बूस्टरांची. ते टॉवरच्या कानात गोंगाट ओततात आणि ज्याने पैसे मोजले त्याची रेंज सुधारून शेजाऱ्यांची घालवतात.

भारतात ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. ते २००३ मध्ये बंद झाले. आकारणी मिनिटावर होती, म्हणजे सत्तर सेकंदांनी तुटलेल्या कॉलचे दोन मिनिटांचे पैसे, आणि परत लावला की नवं मिनिट सुरू. सेकंदावर आकारणी २००९ नंतर रुळली. त्याआधीची चौदा वर्षं तुटलेला कॉल हा थेट खिशाला बसणारा फटका होता.

भरपाईचा विचार व्हायला ऑक्टोबर २०१५ उजाडावा लागला. दूरसंचार नियामक ट्रायने नियम केला: १ जानेवारी २०१६ पासून तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन. कंपन्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने नियम उचलून धरला, पण ११ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी ठरवून रद्द केला. ट्रायच्याच तांत्रिक टिपणात सरासरी ३६.९ टक्के कॉल ग्राहकाच्या बाजूच्या कारणांनी तुटतात असं म्हटलेलं होतं. मग प्रत्येक तुटलेल्या कॉलचा भुर्दंड कंपनीवर कसा, हा न्यायालयाचा सवाल. कायद्याच्या दृष्टीने तो बिनतोड होता. ग्राहकाकडे मात्र आपल्या बाजूने पुढे करायला एकही आकडा नव्हता.

कॉल तुटला हे मोजणार कोण, ही त्यातली खरी मेख. टूजीच्या कॉलमध्ये दर ४८० मिलिसेकंदांनी एक नियंत्रण संदेश येतो. तो नीट वाचता आला नाही की एक गणक एकाने उतरतो, वाचता आला की दोनने चढतो, आणि शून्यावर आला की कॉल तुटल्याची नोंद होते. गणकाची सुरुवात चारपासून चौसष्टपर्यंत चारच्या पटीत कुठूनही करता येते, आणि ते ठरवतं नेटवर्क. चौसष्ट ठेवला तर सलग काहीही ऐकू न येता कॉल तीस सेकंद जिवंत राहतो. एवढा वेळ ‘हॅलो, हॅलो’ करत कोण थांबतं? माणूस वैतागून स्वतःच फोन ठेवतो, आणि कंपनीच्या वहीत तो कॉल व्यवस्थित संपलेला असतो. २०१६ मध्ये ट्रायचं लक्ष गणकाच्या या वापराकडे गेलं. ऑगस्ट २०१७ मध्ये मोजणीची पद्धत बदलली आणि दंड दहा लाखांपर्यंत नेला, पण हा दंड सरकारजमा होतो.

या सगळ्यात ग्राहकाला खरी साथ मिळाली ती गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याची. त्याची पद्धत जुनी आणि चोख आहे. आधी याच फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम, मग हेच सिम दुसऱ्या फोनमध्ये. एवढ्या दोन अदलाबदलींत दोष सिमचा, नेटवर्कचा की फोनचा हे बहुतेक वेळा कळतं. फोनचा निघाला तर सिमच्या पिवळ्या पत्र्यावरून खोडरबर, मग मागचं झाकण उघडून अँटेनाच्या स्प्रिंगा. डिस्प्ले बदलताना आधीच्या कारागिराने अँटेनाची केसासारखी बारीक वायर नीट दाबून बसवलेली नसते. ती धक्क्याने सुटते, दाबल्यावर टेकते, आणि रेंज येत-जात राहते. चिमट्याने टक् करून ती बसवली की काम झालं. पाणी गेलेला बोर्ड असेल तर हॉट एअर गन काढून नेटवर्कचा आयसी बदलायचा. कंपनीच्या मदतकेंद्राने सांगितलेलं ‘बंद करून चालू करा’ हेही निरर्थक नाही. त्यामुळे फोन नव्याने टॉवर शोधतो, आणि दूरच्या टॉवरला चिकटून बसलेला फोन जवळच्यावर येतो. पण झाकणाखालची वायर फोनवरून बोलणाऱ्याला दिसत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने सेवेच्या दर्जाचे नवे नियम जाहीर केले. कंपन्यांना आपल्या नेटवर्कचे नकाशे ग्राहकांसाठी खुले करावे लागले. जिल्ह्यातली सेवा चोवीस तासांहून अधिक काळ ठप्प राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वाढीव मुदत देण्याची तरतूदही त्यात आहे. जी रेंज दिवसातून वीस वेळा जाते आणि मिनिटभरात परत येते, ती या तरतुदीत बसत नाही.