टर्बोला पाजलेलं पाणी
जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिलने १९६२ मध्ये ‘जेटफायर’ आणली, तेव्हा टर्बोचार्जर लावलेली प्रवासी मोटार ही नवलाईच होती. ॲल्युमिनियमचं ३.५ लिटरचं व्ही-८ इंजिन, २१५ अश्वशक्ती. खरी जोखीम होती कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं त्यात: १०.२५ला १. त्याच वर्षीच्या टर्बो कॉर्व्हेअर या मोटारीने ते ८ला १ ठेवून सावध पवित्रा घेतला होता.

एवढ्या दाबावर टर्बोने आणखी हवा कोंबली, की पेट्रोलचा ऑक्टेन अपुरा पडतो. ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपसूक भडकतं, इंजिन खडखडतं (हेच नॉकिंग) आणि वेळीच पाय उचलला नाही तर पिस्टनला भोकही पडू शकतं. ओल्ड्समोबिलचा उपाय भन्नाट होता. टर्बोचा जोर चढला, की निम्मं पाणी आणि निम्मं मिथेनॉल आत फवारायचं. मिश्रण थंड राहतं, नॉकिंग टळतं. नावही झोकदार, ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’! त्याची टाकी रिकामी झाली, की झडप टर्बोचा दाब रोखून धरायची.

कागदावर सगळं चोख. पण गिऱ्हाईक पेट्रोल आठवणीने भरायचं, हे पाणी विसरायचं आणि गाडीत दम नाही म्हणून कुरकुरायचं. दोनच वर्षांत जेटफायर बंद पडली. पुढे कंपनीने अनेकांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले.

याच नॉकिंगवर उपाय म्हणून ऐंशीच्या दशकात स्वीडनच्या साब कंपनीने ‘एपीसी’ ही यंत्रणा आणली. सेन्सर नॉकिंग टिपतो आणि टर्बोचा दाब उतरवतो. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर ताकद घटते, इंजिन वाचतं. पण ताकद वाढवण्यासाठी ट्यूनिंग करताना नॉकिंगपासून वाचवणारी ही राखीव जागाच अनेकदा खाल्ली जाते. तेव्हा चुकून कमी ऑक्टेन भरलंच, तर ॲक्सिलरेटर जोरात दाबू नका. टाकीत जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिसळेपर्यंत गाडी हळूच हाका.