मोटारीतला वाकनीस

‘वाकनीस’ हे आज आपल्याकडे आडनाव आहे. मुळात ते पद होतं. फारसीतला ‘वाकिआ-नवीस’, म्हणजे घडलेलं लिहून ठेवणारा, मराठीत येऊन वाकनीस झाला. मुघलांनी सुभ्या-सुभ्यात असे लोक नेमले होते. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतला मंत्री म्हणजेच वाकनीस. राजाच्या दिनक्रमाची नोंद ठेवणं हे त्याचं काम. सुभेदाराला ठाऊक असायचं की, आपल्याविषयी कुणीतरी लिहितोय आणि ते थेट बादशहाकडे जातंय.

गेल्या दीड दशकात हाच कारकून इलेक्ट्रिक मोटारीत येऊन बसला आहे. पण गाडीचा मालक एक आणि या वाकनिसाचा धनी दुसराच.

डिसेंबर २०१० मध्ये निसानची ‘लीफ’ बाजारात आली. बॅटरी किती उरली, चार्जर कुठे आहे, हे कळावं म्हणून तिला मोबाइल नेटवर्क जोडलेलं होतं. ‘कारविंग्ज’ नावाच्या या सेवेत कमी विजेत गाडी कोण चालवतो याची क्रमवारी लागायची. लोक हौसेने आपली माहिती देत, एकमेकांशी चढाओढ करत. पुढच्याच वर्षी एका अभ्यासकाच्या लक्षात आलं की, गाडीच्या पडद्यावर बातम्या मागवल्या की ज्या संकेतस्थळाची बातमी, त्याच्याकडे गाडीचं ठिकाण, वेग आणि दिशाही पोहोचतेय. बातमी वाचणाऱ्याचीच बातमी जात होती म्हणा ना!

पण हा वाकनीस पहिल्यांदा चव्हाट्यावर बोलला तो २०१३ साली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जॉन ब्रोडर यांनी जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत टेस्लाची ‘मॉडेल एस’ वॉशिंग्टनजवळून कनेक्टिकटपर्यंत नेली. वाटेत डेलावेअर आणि मिलफर्ड इथं टेस्लाचे जलद चार्जर होते, मधलं अंतर सुमारे २०० मैलांचं. थंडीने बॅटरी दगा देत गेली, आणि शेवटी गाडी ट्रकवर चढवून न्यावी लागली, असं त्यांनी फेब्रुवारीत लिहिलं.

इलॉन मस्क यांनी लेख खोटा ठरवला, आणि पुरावा म्हणून गाडीच्या नोंदींचे आलेखच जाहीर केले. ब्रोडर सांगतात त्याहून वेग जास्त होता. हीटर कमी केला म्हणतात तिथे उलट वाढवला होता. गाडी पुरती चार्ज न करताच पुढे निघाले. आणि मिलफर्डच्या पार्किंगमध्ये अर्ध्या मैलाहून जास्त घिरट्या घातल्या. मस्क यांना वाटलं, बॅटरी मुद्दाम संपवायचा हा डाव. ब्रोडर यांचं उत्तर साधं होतं : अंधारात चार्जर सापडत नव्हता, तो शोधत होतो.

मला या सगळ्या भांडणात ही घिरट्यांची नोंद सर्वांत मोलाची वाटते. गाडी फिरली, हे दोघांनाही मान्य. आकडा खरा होता. पण माणूस का फिरला, हे आकड्याला ठाऊक नव्हतं, आणि ते ‘का’ भरण्याची संधी आधी मिळाली ती वही ज्याच्या ताब्यात होती त्याला. वृत्तपत्राच्या वाचक-प्रतिनिधी मार्गारेट सुलिव्हन यांनी चौकशी करून कौल दिला की, ब्रोडर यांच्या नोंदी काटेकोर नव्हत्या, निर्णयही चुकले. पण हेतू प्रामाणिक होता. कंपनीकडे सेकंदासेकंदाचा हिशेब, पत्रकाराकडे टिपणवही. बरोबरीचा सामना नव्हताच.

मस्क यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. २००८ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ने टेस्लाची रोडस्टर बंद पडल्यासारखी दाखवली होती. कंपनी कोर्टात गेली आणि हरली. तेव्हापासून पत्रकारांच्या गाड्यांत नोंदी चालू ठेवतो, असं मस्क म्हणाले. सामान्य ग्राहकाची नोंद मात्र त्याच्या लेखी परवानगीशिवाय होत नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

पुढे अपवादाचा रिवाज झाला. चीनमध्ये तर कंपन्या इलेक्ट्रिक गाड्यांचं ठिकाण सरकारी केंद्रांना पाठवतात. अमेरिकेत २०२४ साली शेवरले ‘बोल्ट’च्या एका चालकाची कहाणी छापून आली. विम्याचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढल्यावर त्याने आपली फाइल मागवली. २५८ पानं आली! त्यात सहा महिन्यांतले ६४० प्रवास, कधी निघाला, कितीदा जोरात ब्रेक मारला, असं बरंच काही. जनरल मोटर्सकडून ही माहिती दलालांमार्गे विमा कंपन्यांकडे गेली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत उघड झालं की, फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती इंटरनेटवर महिनोन्‌महिने उघडी पडली होती. साडेचार लाखांहून अधिक गाड्यांची तर ठिकाणंही त्यात होती. हॅम्बुर्ग पोलिसांच्या गस्तीच्या गाड्यासुद्धा. इतरांच्या गाड्या हुडकणारं पोलिस खातं स्वतःच नकाशावर आलं.

काही मालकांनी यावर आपली वाट काढली. रोडस्टरवाल्यांनी २०११ च्या सुमारास स्वतःचं उपकरण बनवून गाडीची नोंद थेट आपल्या मोबाइलवर घ्यायला सुरुवात केली. आज टेस्लाचे कित्येक मालक ‘टेस्लामेट’ हे मोफत सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर चालवतात. नोंदीची एक प्रत निदान आपल्या कपाटात राहते. मूळ वही मात्र कंपनीकडेच.

१५ जुलै २०२५ला टेस्लाचं भारतातलं पहिलं दालन मुंबईच्या बीकेसीत उघडलं. पण त्यासाठी बीकेसी गाठायची गरज नाही. माझ्या मामेभावाने गेल्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घेतली, दुसऱ्याच कंपनीची. मी त्याला विचारलं, “भाईजान, नोंदीच्या अटी वाचल्या होत्या का?” तो हसला. गाडी ताब्यात देताना विक्रेत्याच्या पोराने त्याच्या मोबाइलवर ‘मान्य आहे’ स्वतःच दाबून दिलं होतं.