वाट आणि वहिवाट

डोंगर चढण्याची हौस ही आपल्याकडे अलीकडची गोष्ट समजली जाते. पाठीवर पिशवी अडकवून सुटीच्या दिवशी रानात शिरणारी तरुण मंडळी पाहिली, की घरातील वडीलधाऱ्यांना ते एक नवे खूळ वाटते. वस्तुतः डोंगरातून पायी चालण्याचा परिपाठ आपल्या समाजात फार जुना आहे. त्याला पूर्वी हौस म्हणत नसत, इतकेच. कुणी जत्रेला म्हणून चाले, कुणी कुलदेवतेच्या दर्शनाला, कुणी बैलांच्या पाठीवर मीठ लादून घाटमाथ्याकडे. गोमंतक आणि बेळगाव यांच्यामधील सह्याद्रीत आज ज्या जागा भटक्यांच्या आवडीच्या झाल्या आहेत, त्यांतील कित्येक एखाद्या देवळापाशी किंवा देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर आहेत, हा काही निव्वळ योगायोग नव्हे. प्रस्तुत लेखात अशा तीन-चार जागांचा इतिहास सांगावा आणि त्याच्या आधारे एक मुद्दा वाचकांपुढे ठेवावा, असा आमचा हेतू आहे. देवालय जसे जतन करण्याजोगे, तशी त्याची वाटही जतन करण्याजोगी असते. आणि आजच्या घडीस देवालयांची राखण होत असताना वाटा मात्र बुजत चालल्या आहेत, हा तो मुद्दा होय.

प्रथम तांबडी सुर्ल्याच्या महादेवाकडे वळू. धारबांदोडा तालुक्यात, अनमोड घाटाच्या पायथ्याच्या दाट रानात, रगाडो नदीच्या काठी हे छोटेसे देवालय उभे आहे. ते कदंबकालीन असून बाराव्या-तेराव्या शतकातील मानले जाते. गर्भगृह, अंतराळ आणि खांबांचा मंडप अशी त्याची साधी रचना आहे. मंडपात नंदी आहे, छतावर कोरलेले कमळ आहे आणि शिखराच्या अंगावर ब्रह्मा, विष्णू, महेश यांची शिल्पे आहेत. देवालयाचे तोंड पूर्वेस असल्यामुळे सूर्याचे पहिले किरण थेट आत येतात. हे सारे बांधकाम काळ्या बसाल्ट दगडाचे आहे. गोव्यात जागोजागी आढळतो तो तांबडा जांभा दगड. हा काळा दगड घाटमाथ्यावरून खाली आणला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. ते मान्य केले तर एक गोष्ट आपोआप सिद्ध होते. ज्या घाटाने एवढा दगड उतरवला गेला, तो घाट त्या काळी चांगला वाहता असला पाहिजे. आज आपण या देवालयास रानातले एकाकी देऊळ म्हणतो आणि आडबाजूस राहिल्यामुळेच ते विध्वंसातून वाचले, असेही म्हणतो. दुसरे विधान खरे असेल. पहिले मात्र आजच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. बांधणाऱ्यांच्या दृष्टीने ते घाटाच्या तोंडावर होते.

हे नीट समजण्यासाठी घाट चढून पलीकडे गेले पाहिजे. गोव्याच्या कदंबांचे राज्य सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस पसरलेले होते. त्यांच्या लेखांत ‘कोंकण नऊशे’ आणि ‘पलसिगे बारा हजार’ अशी प्रांतांची नावे जोडीने येतात. त्यांपैकी पलसिगे, म्हणजे प्राचीन पलाशिका, ही आजची खानापूर तालुक्यातील हलशी. बनवासीच्या आद्य कदंबांचे ताम्रपट येथे सापडलेले आहेत, यावरून हे स्थळ पाचव्या शतकापासून नांदते होते असे दिसते. पुढे गोव्याच्या कदंबांनी यास आपल्या दुसऱ्या राजधानीचा मान दिला. बाराव्या शतकातील भूवराह-नरसिंहाचे भव्य देवालय तेथे आजही उभे आहे. गावाजवळच्या टेकडीवर रामतीर्थ आहे. संध्याकाळी ती टेकडी चढून जाणे हा अल्प श्रमात मिळणारा फार मोठा आनंद होय. तेथून पुढे कित्तूरजवळ देगाव लागते. राजा परमर्दी शिवचित्त याची राणी कमलादेवी हिने तेथे कमलनारायणाचे देवालय बांधविले. आपल्याकडे देवळे बांधणाऱ्या कारागिरांची नावे क्वचितच उरतात. येथील शिल्पी तिप्पोज याचे नाव मात्र उरले आहे.

हलशीचे राजे आणि गोपकपट्टणाचे राजे एकच. गोपकपट्टण हे जुवारीच्या काठी, आजच्या गोवा वेल्हा येथे होते. म्हणजे राजा, त्याचे अधिकारी, पुरोहित, व्यापारी आणि तिप्पोजासारखे शिल्पी यांची जा-ये याच घाटांतून होत असली पाहिजे. गोपकपट्टणाहून एळ्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यास अद्याप राजवीथी म्हणतात आणि तो कदंबांच्या काळचा मानला जातो. समुद्रकाठच्या एका राजवीथीचे नाव आपण लक्षात ठेवले. डोंगरातील वाटांची नावे मात्र खेड्यातील चार म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहेत.

या वाटांचा आणि आपल्या देवस्थानांचा संबंध केवळ दगडधोंड्यांचा नाही. १५६०च्या सुमारास तिसवाडी, साष्टी आणि बारदेशातील देवालयांवर संकट आले, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, दिवाडीवरील नार्व्याचा सप्तकोटीश्वर नदीपलीकडे डिचोली महालात. शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये ज्याचा जीर्णोद्धार करविला, तो हाच सप्तकोटीश्वर. अंत्रूज महाल तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. तो १७६३ मध्ये गेला. या साऱ्या मूर्ती होडीने आणि माणसांच्या खांद्यावरून गेल्या. पुढे पांगलेली कुळे पिढ्यान् पिढ्या दर्शनास येत राहिली, तीही बहुधा पायीच. ज्या वाटेने देव गेला ती वाट भक्ताला परकी कशी वाटावी?

सपाटीवरील एका टेकडीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. केपे तालुक्यात पारोड्याजवळ चंद्रनाथाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचे स्थान असून चैत्री पौर्णिमेस तेथे मोठा उत्सव होतो. पौर्णिमेच्या चांदण्यात तेथील लिंगास पाझर फुटतो, अशी श्रद्धा आहे. जवळचे चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर. भोज राजा देवराज याचा शिरोड्यास मिळालेला ताम्रपट याच चंद्रपुराहून दिलेला आहे. आता डोंगरावर बराच वरपर्यंत मोटार जाते. तरीही ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी तो पायथ्यापासून चढावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. साष्टीची शेते आणि नारळीच्या बागा हळूहळू खाली सरकत जातात आणि अखेरीस पश्चिमेस समुद्राची रेघ उमटते. देवाचे स्थान एवढ्या उंचावर का मांडले, हे मोटारीत बसून उमगत नाही.

मग या वाटा मोडल्या कशाने? पहिला मोठा आघात आगगाडीने केला. मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग १८८८ मध्ये सुरू झाला आणि दूधसागराच्या कुशीतून गाडी घाट चढू लागली. ओझेवाले आणि बैलांचे तांडे मागे पडले. नंतर मोटाररस्ते आले. मध्यंतरी राजकीय सीमेनेही या वाटांना वेगळाच अर्थ दिला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो सत्याग्रही पायीच सीमा ओलांडून गोव्यात शिरले आणि पोर्तुगिजांच्या गोळीबारात वीसहून अधिक जणांनी प्राण ठेवले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, सीमा नाहीशी झाली. परंतु पायवाटेची गरज तोवर बरीचशी संपली होती. पुढे भगवान महावीर, म्हादई, नेत्रावळी अशी अभयारण्ये जाहीर झाली. त्यांनी रान वाचविले, हे उपकार मोठे आहेत. मात्र त्याबरोबर वाटेवरचा वावरही आटला.

येथे आमच्या व्यवसायाचा विषय सुरू होतो. मराठीत रूढ हक्काला आपण ‘वहिवाट’ म्हणतो. या शब्दाच्या पोटातच वाट आहे, आणि ती वाहती आहे. शेताचा असो वा पाणंदीचा, असा दावा न्यायालयात उभा राहिला म्हणजे पहिला प्रश्न हाच येतो, की येथून माणसे जात होती काय, किती वर्षे, आणि कुणाची परवानगी न मागता? डोंगरवाटांविषयी कायदा काय म्हणतो, हे वाचकांस थोडक्यात सांगतो.

प्राचीन स्मारकांसंबंधीचा केंद्रीय कायदा १९५८चा आहे. तांबडी सुर्ल्याचे देवालय त्याखाली संरक्षित आहे. त्या कायद्यातील ‘प्राचीन स्मारक’ या शब्दाची व्याख्या अनेकांनी वाचलेली नसते. वास्तू, तिचे अवशेष आणि तिची जागा यांच्या जोडीला, तेथे पोहोचण्याचे आणि ती सोयीने पाहण्याचे साधन हेही त्या व्याख्येत स्मारकाचाच भाग म्हटले आहे. त्याच कायद्याच्या कलम १८ने नियमांच्या अधीन राहून जनतेला संरक्षित स्मारकात जाण्याचा हक्क दिला आहे. आता प्रतिपक्ष म्हणेल, की मोटाररस्ता आहे, तेवढ्याने हक्क पुरा झाला. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु देवालयाचा दगड ज्या घाटाने आला असे आपण मानतो, तो घाट त्याच्या इतिहासाचा भाग नव्हे, असे कोणता इतिहासकार म्हणेल?

दुसरा कायदा १९२७चा भारतीय वन अधिनियम. त्याच्या कलम २५ प्रमाणे राखीव वनातील सार्वजनिक वा खासगी वाट बंद करता येते. पण त्यासाठी राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते आणि तिच्याऐवजी सोयीची दुसरी वाट आधीपासून असावी किंवा करून द्यावी लागते. परकीय सत्तेच्या काळी झालेल्या कायद्यानेही वाट बंद करणे ही लहान गोष्ट मानली नव्हती, हे ध्यानात घ्यावे. तिसरा कायदा १९७२चा वन्यजीव संरक्षण अधिनियम. त्याच्या कलम २७ ने अभयारण्यातील प्रवेश बहुतांशी परवान्याधीन केला आहे. सार्वजनिक हमरस्त्याने जाणारास त्यातून सूट आहे. रानवाटेने जाणारास परवाना काढावा लागतो, आणि कलम २८ प्रमाणे पर्यटनासाठीही तो मिळू शकतो.

या तिन्ही कायद्यांचा मेळ घातला तर आमच्या मते न्याय्य भूमिका अशी निघते. रानावर पहिला हक्क रानाचा आहे. पट्टेरी वाघाच्या मुलखात शेकडो माणसांचा गोंगाट नेणे हा वहिवाटीचा हक्क नव्हे. जुलै २०२३ मध्ये धबधब्यावर माणसे बुडाली तेव्हा गोव्याच्या वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी केली. त्याच महिन्यात दूधसागर पाहण्यासाठी लोहमार्गावरून चालणाऱ्या झुंडींना रेल्वे पोलिसांनी अडविले. लोहमार्गावरून अनधिकाराने चालणे हा १९८९च्या रेल्वे कायद्याने गुन्हाच आहे. या प्रसंगांत आम्ही अधिकाऱ्यांना दोष देणार नाही. तथापि बंदी आणि विस्मरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात बंद केलेली वाट मार्गशीर्षात पुन्हा उघडता येते. विसरलेली वाट मात्र कोणत्याही आदेशाने उघडत नाही.

म्हणून आमची देवस्थानांच्या समित्यांना विनंती आहे. आपल्या देवळाकडे येणाऱ्या जुन्या वाटा कोणत्या, विसाव्याच्या जागा कुठे, पाणी कुठे, पालखी कोणत्या बांधावरून जाई, हे गावच्या जाणत्या माणसांकडून लिहून घ्यावे. त्याचा नकाशा करून एक प्रत वनखात्याकडे आणि एक पंचायतीकडे द्यावी. वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, परवाना काढून आणि गावचा वाटाड्या बरोबर घेऊन, मोजक्या माणसांनी त्या वाटेने चालत देवदर्शनास जावे. जाताना चूल पेटवू नये, कचरा टाकू नये, देवराईतील पानही तोडू नये. एवढे केले तर उद्या वाद उपस्थित झाला असता पुराव्यास कागदही असेल आणि वावरही. तरुण मंडळींची डोंगराची हौस अशा कामी लागली, तर घरच्या वडीलधाऱ्यांनाही ती खूळ वाटणार नाही.

देवालय आणि वाट यांची ताटातूट झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. साळावली धरणाच्या पाण्याखाली कुर्डी गाव गेले, तेव्हा तेथील महादेवाचे प्राचीन देवालय दगडन् दगड सोडवून सुमारे १७ किलोमीटर दूर नेऊन पुन्हा उभारण्यात आले. काम फार निगुतीने झाले, आणि ते देवालय आज धरणाजवळ पाहावयास मिळते. गावातील कुटुंबे वाडे आणि वालकिणी येथे वसली. तरीही दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डीकर आपल्या मूळ गावी परततात. चिखलातून वर आलेल्या घरांच्या जोत्यांमधून ते चालतात, सोमेश्वरापाशी उत्सव करतात, ख्रिस्ती बांधव आपल्या प्रार्थनास्थळी जमतात, आणि पाऊस येण्यापूर्वी सारे माघारी फिरतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हेच गाव. वर्षाचे दहा-अकरा महिने पाण्याखाली राहणाऱ्या गावाची वाट त्या लोकांनी अजून मोडू दिलेली नाही. आपल्या वाटांवर तर पाणीही चढलेले नाही. त्यांवर नुसते गवत वाढले आहे.