मटारची मुदत ठेव

बँकेत वीस-बावीस वर्षं खर्डेघाशी केली की माणसाला जगातली प्रत्येक वस्तू जमा आणि नावे या दोनच बाजूंना दिसू लागते. जानेवारीत मंडईतून चार किलो मटार घरी आला की सौ.ला तो निवडायचा दिसतो, मुलांना तो खायचा दिसतो, मला मात्र ती ठेव दिसते. मटार जानेवारीत स्वस्त, जूनमध्ये महाग. तेव्हा जानेवारीतला मटार जूनपर्यंत सांभाळता आला, तर मधला फरक तो नफा, हे कळायला बी.कॉम. व्हावं लागत नाही. अडचण एवढीच की कपाटात ठेवलेली नोट सहा महिन्यांनीही नोटच राहते. मटार सहा दिवसांत बुडीत खाती जातो, आणि त्याची वार्ता आधी नाकाला लागते.

या अडचणीवर आपल्या पूर्वजांनी डोकं चालवलं नाही असं कोण म्हणेल? पावसाळ्याआधी बेगमी करायची म्हणजे घराघरांत एक छोटं युद्धखातंच उघडायचं. मीठ, तेल, साखर, आंबट आणि ऊन हे आपले पाच पहारेकरी. पण त्यांची एक खोड आहे. ते ठेव सांभाळतात, मात्र परत देताना तिचं नाव-गाव बदलून देतात. कैरी ठेवली की लोणचं मिळतं, आवळा ठेवला की मुरंबा, कोहळा ठेवला की सांडगे. रोख भरून चिंचोके परत मिळावेत तसा प्रकार. मटार ठेवून मटारच परत मिळेल का, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर शोधलं ते एका फ्रेंच हलवायाने.

निकोला आपेर हे त्याचं नाव. जन्म १७४९ सालचा, शँपेन प्रांतातल्या शालों गावचा. बाप खानावळवजा सराई चालवायचा. आपेरने पुढे पॅरिसमध्ये मिठाईचं दुकान थाटलं. क्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, काही महिने तुरुंगाची हवाही खाऊन आला. बाहेर आल्यावर तो भाज्या जपण्याच्या नादी लागला. कॉलेजात गेलेला नाही, रसायनशास्त्राशी ओळख नाही. साखरेच्या पाकात फळं मुरवणारा माणूस, त्याला बहुधा वाटलं असावं की पाक वगळून जमतं का बघू.

कृती अगदी सोपी. जाड काचेच्या बाटलीत मटार भरायचा, बूच घट्ट ठोकायचं, तारेने आवळायचं, बाटली गोणपाटात गुंडाळायची आणि पाण्याच्या कढईत ठेवून मोजून मापून उकळायची. ती गोणपाटाची आंगडी कशाला? तर एखादी बाटली फुटली, तर तिने शेजारणींना घेऊन जाऊ नये. एक बँक बुडाली की दुसरीवर रांग लागते, हे त्याला हलवाईगिरीत कसं कळलं कोण जाणे! फ्रेंच आरमाराने त्याच्या बाटल्या जहाजांवर नेऊन पारखल्या. महिन्यांनी बूच काढलं तर आत मटारच. १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले, पण सरकार ते सरकार! अट घातली की कृती पुस्तकरूपाने छापून जगजाहीर करायची आणि २०० प्रती स्वखर्चाने सरकारजमा करायच्या. आपेरने छापल्या. गुपित एकदा छापलं की त्यावर व्याज मिळत नाही, हे त्याला सांगायला तिथे कोणी कारकून नसावा.

त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरांड नावाच्या गृहस्थाने अशाच कृतीचं पेटंट काढलं. एका परदेशी माणसाने आपल्याला ही कल्पना कळवली, असं त्याने त्यात लिहूनही टाकलं. म्हणजे उचलेगिरी, पण पावतीसकट. त्याने काचेबरोबर कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्याचीही सोय केली. १८१३ पर्यंत ब्रायन डाँकिन आणि मंडळींच्या लंडनमधल्या कारखान्यातून हे डबे इंग्रज फौजेला आणि आरमाराला जाऊ लागले. गंमत अशी की डबा आला, पण तो उघडायचं साधन आलं नाही. छिन्नी-हातोडा घ्यायचा आणि जेवायला बसायचं! डबा फोडण्याच्या हत्याराचं इंग्लंडातलं पेटंट १८५५ चं, अमेरिकेतलं १८५८ चं. पंचेचाळीस वर्षं माणसं ठेव ठेवत होती आणि पैसे काढायची खिडकीच नव्हती. अशी एखादी बँक निघाली तर आमची मॅनेजमेंट तिचा सत्कार करील.

आता खरी मेख. हे सगळं चालत होतं, पण का चालत होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आपेरला तर नव्हतंच. गे-ल्युसाक या फ्रान्सच्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाने बाटल्या तपासून निर्वाळा दिला की आतल्या हवेतला प्राणवायू नाहीसा झाला म्हणून माल टिकला. मोठ्या माणसाचा शेरा, त्यावर सही कोण नाकारणार? तो शेरा आजही आपल्या भाषेत बसला आहे. आपण डब्याला ‘हवाबंद’ म्हणतो. हवा बंद केली की काम झालं, असं त्या शब्दातच लिहिलेलं आहे.

पुढे १८६० च्या दशकात पाश्चरने दाखवलं की अन्न नासवतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. उकळल्याने ते मरतात, आणि बूच घट्ट असलं की नवे आत येत नाहीत. म्हणजे राखण करतं ते आपेरचं उकळणं. बूच म्हणजे नुसतं कुलूप. आत चोर राहिला असेल, तर तिजोरीला कितीही भक्कम कुलूप घाला, तुम्ही चोराचीच सोय करता.

आणि असा एक चोर आहे. १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एका खेड्यात अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या वाजंत्र्यांनी जेवणात खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. तिघे दगावले. फान एर्मेंगेम नावाच्या प्राध्यापकाने त्यातून एक जंतू शोधून काढला. त्याच्या विषाने होणाऱ्या आजाराला बॉट्युलिझम म्हणतात. या जंतूच्या दोन सवयी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, संकट आलं की तो बीजाचं चिलखत घालून बसतो, आणि त्या चिलखताला १०० अंशांचं उकळतं पाणी म्हणजे गरम पाण्याची आंघोळ. दुसरी, त्याला हवा सोसत नाही. हवा नसली की तो खुशीत वाढतो. म्हणजे ज्या ‘हवाबंद’पणावर आपण निर्धास्त झोपतो, ती त्याची बारशाची खोली!

हा चोर लोणच्यात सहसा का शिरत नाही? कारण आंबटपणापुढे त्याचं चालत नाही. आंबटपणाच्या मोजपट्टीवर ४.६ ही वेस आहे. त्याच्या खाली तो वाढू शकत नाही. लिंबू, कैरी, चिंच वेशीच्या आत सुरक्षित. मटार, फरसबी, गाजर, मका मात्र स्वभावाने गोड, म्हणजे वेशीबाहेर. टोमॅटो बिचारा अगदी वेशीवर, म्हणून बाटलीत भरताना त्याला वरून लिंबाचा रस द्यावा लागतो. गोड स्वभावाच्या माणसांना जामीन लागतो, हा कर्जखात्यातला नियम भाज्यांनाही आहे.

घरोघरी ही बाटलीबंदी नेली ती अमेरिकेने. जॉन लँडिस मेसन या पत्रेकामगाराने १८५८ च्या ३० नोव्हेंबरला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, बाटलीच्या काचेच्या गळ्यालाच आटे पाडायचं पेटंट घेतलं. बूच, तार, लाख सगळं गेलं. झाकण फिरवलं की झालं. शेतकऱ्याच्या बायकोचं फडताळ भरू लागलं. एका फळीवर फरसबी, मका, गाजर, टोमॅटो. त्यातून आज सूप, उद्या मांसाच्या रश्श्यात टाकायला भाजी, परवा पाहुणे आले तर बटाट्याबरोबर परतून तिसराच पदार्थ. बाहेर गुडघाभर बर्फ आणि घरात ऑगस्ट महिना.

पण भाज्यांचा चोर होताच. बोस्टनमध्ये प्रेस्कॉट आणि अंडरवुड या जोडीने १८९५ पासून डबे तपासून दाखवलं की काही बीजं नुसत्या उकळण्याला दाद देत नाहीत. १९१७ साली अमेरिकन शेतकी खात्याने सांगितलं, की आंबट नसलेली भाजी भरायची तर दाबाच्या भांड्यातच. वाफ कोंडून दर चौरस इंचाला दहा-अकरा पौंड दाब आला की आतलं तापमान ११६ अंशांपर्यंत चढतं, आणि तिथे त्या चिलखताला हळूहळू घाम फुटतो. फरसबीच्या अर्ध्या लिटरच्या आसपासच्या बाटलीला २० मिनिटं, मटारला ४०, मक्याच्या दाण्यांना ५५. आधी दहा मिनिटं वाफ मोकळी सोडायची, कारण भांड्यात हवा अडकली तर काटा दाब दाखवतो, पण तापमान तिथवर पोचत नाही. काटा बरोबर आणि हिशेब चूक! ऑडिटर लोक याच प्रकाराला सगळ्यांत जास्त घाबरतात.

दुसऱ्या महायुद्धात डब्यांचा पत्रा आणि डब्यांतलं अन्न फौजेकडे गेलं, तेव्हा तिथल्या बायकांनी परसात भाजी लावली आणि १९४३ या एका वर्षात ४०० कोटींच्या वर बाटल्या भरल्या. एवढा ठेव-संकलन महिना आमच्या कुठल्याही शाखेने साजरा केलेला नाही.

हे वाचून कुणाच्या हाताला खाज सुटली असेल, तर हात जोडून सांगतो: आपला शिट्टीचा कुकर या कामाचा नव्हे. तो लहान, लवकर तापतो, लवकर निवतो, आणि ही मिनिटं मोठ्या भांड्यांवर मोजलेली आहेत. शिट्ट्या मोजून वरणभात होतो, हा चोर शिट्ट्यांना भीत नाही. आणि ‘वास घेऊन बघू’ हा आपला घरगुती ऑडिटही इथे चालत नाही. त्या विषाने माखलेली फरसबी दिसायला ताजी आणि वासाला निर्दोष असू शकते. ताळेबंद जुळलेला, रक्कम गायब. मटार गोठवायच्या कप्प्यात ठेवा, वाळवा, नाहीतर सरळ हंगामात खा.

राहता राहिली माणसं. आपेरचा कारखाना १८१४-१५ च्या लढायांत उद्ध्वस्त झाला. १८२२ साली त्याला ‘मानवजातीचा उपकारकर्ता’ असा किताब मिळाला. किताब वटवता येत नाही, हे आम्ही काउंटरवरून खात्रीने सांगू शकतो. तो १८४१ साली एक्याण्णवाव्या वर्षी गेला, तेव्हा त्याला सार्वजनिक खड्ड्यात पुरलं. मेसनचं पेटंट १८७९ मध्ये संपलं, त्याच्या नावाच्या बाटल्या विकून दुसरे गबर झाले, आणि तो १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये दरिद्री अवस्थेत वारला. घरोघरच्या पोरांच्या हिवाळ्याची तरतूद करून गेलेल्या या दोघांना स्वतःच्या म्हातारपणाची बेगमी जमली नाही. खात्यात शिल्लक शून्य, आणि तरीही जगातल्या प्रत्येक फडताळात त्यांची ठेव. असलं खातं कुठल्या बाजूला लिहायचं, जमा की नावे, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलेलं नाही.