स्टेन्ड ग्लासच्या खिडक्या बनतात कशा? ८०० वर्षं जुन्या काचा आजवर टिकल्या कशा?

फ्रान्समध्ये पॅरिसपासून साधारण ९० किलोमीटरवर शार्त्र नावाचं छोटं शहर आहे. तिथलं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, स्टेन्ड ग्लाससाठी जगभर ओळखलं जातं. ११९४ मध्ये आधीच्या चर्चला मोठी आग लागली आणि त्यानंतर आजची इमारत उभी राहिली. तिच्यात १७६ खिडक्या आहेत. रंगीत काचेचं क्षेत्रफळ भरतं सुमारे २६०० चौरस मीटर, आणि त्यातली बहुतेक काच १३व्या शतकातली आहे.

हातातून पडली तर फुटणारी ही वस्तू. मग ती आगी, ऊन-पाऊस आणि दोन महायुद्धांमधून वाचली कशी? याचं उत्तर या खिडक्या बनवण्याच्या पद्धतीतच आहे.

रंग काचेवर नसतो, काचेत असतो

अनेकांना वाटतं की साध्या काचेवर चित्र रंगवलं की झाली स्टेन्ड ग्लास. तसं नाही. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगं मिसळतात. कोबाल्टमुळे निळा रंग येतो, मँगनीजमुळे जांभळा. तांब्यापासून लाल आणि हिरवा असे दोन्ही रंग मिळतात. शार्त्रचा प्रसिद्ध निळा रंग कोबाल्टचाच आहे.

लाल रंगाची एक अडचण होती. लाल काच थोडी जरी जाड झाली तरी काळी दिसायची, प्रकाश आरपार जायचाच नाही. त्यावर कारागिरांनी तोडगा काढला: साध्या काचेवर लाल काचेचा अगदी पातळ थर चढवायचा.

खिडकी तयार कशी व्हायची?

१२व्या शतकात थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती साधूने ही सगळी कृती लिहून ठेवली आहे. वाळू आणि बीच झाडाच्या लाकडाची राख भट्टीत वितळवायची. वितळलेली काच नळीने फुंकून तिचा पोकळ दंडगोल करायचा, तो उभा चिरायचा आणि पुन्हा तापवून सपाट पसरायचा.

मग एका मोठ्या फळीवर चुन्यासारखा पांढरा थर देऊन त्यावर खिडकीचं चित्र पूर्ण मापात काढायचं. या चित्रावर काच ठेवायची, तापलेल्या लोखंडाने तिला तडा द्यायचा आणि कडा कुरतडून हवा तो आकार आणायचा.

रंगकाम येतं ते यानंतर, आणि तेही एकाच गडद रंगाचं. धातूची भुकटी आणि काचेची पूड द्राक्षाच्या दारूत किंवा चक्क मूत्रात कालवून त्या लेपाने डोळे, केस, कपड्यांच्या चुण्या रेखाटायच्या. मग तुकडे भट्टीत भाजायचे, म्हणजे रेघा काचेवर पक्क्या बसतात. १४व्या शतकाच्या सुरुवातीपासून चांदीची संयुगंही वापरात आली. काचेवर ती लावून भाजली की तेवढीच जागा पिवळी होते. त्यामुळे एकाच पांढऱ्या तुकड्यावर गोरा चेहरा आणि सोनेरी केस दाखवता येऊ लागले.

शेवटी सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांमध्ये बसवतात. पट्टीला दोन्ही बाजूंनी खाच असते, त्यामुळे एका खाचेत एक तुकडा आणि दुसऱ्या खाचेत शेजारचा तुकडा बसतो. सांधे सोल्डर करतात आणि फटींत लांबी भरतात. चित्रात दिसणाऱ्या काळ्या जाड रेघा म्हणजे हेच शिसं.

सुटी होते, म्हणून वाचते

मोठी खिडकी एकसंध नसते. ती छोट्या-छोट्या पॅनेलची बनलेली असते आणि पॅनेल लोखंडी चौकटीवर बसवलेली असतात. त्यामुळे ती उतरवता येते. शार्त्रच्या खिडक्या पहिल्या महायुद्धात अशाच उतरवल्या गेल्या. १९३९ मध्ये पुन्हा उतरवून त्या दूर सुरक्षित जागी नेल्या आणि युद्ध संपल्यावर परत बसवल्या.

शिसंही काही कायमचं टिकत नाही. काळानुसार ते थकतं, वाकतं, चिरतं. मग पॅनेल सोडवून जुनी काच नव्या शिशात बसवतात. म्हणजे काच शेकडो वर्षांची आणि शिसं त्यामानाने नवं, असं अनेक खिडक्यांत आढळतं.

जाता जाता एक गैरसमज: काच हळूहळू खाली वाहते, म्हणून जुन्या काचा तळाशी जाड असतात, असं सांगितलं जातं. हे चूक आहे. काही शतकांत काच वाहत नाही. हाताने बनवलेली काच मुळातच कमी-जास्त जाडीची असायची.

खरा शत्रू पाणी

मध्ययुगीन काचेत राखेतलं पोटॅशियम भरपूर असतं. ओलाव्याने ते बाहेर झिरपतं, काचेवर खड्डे पडतात आणि मळकट थर जमतो. हवेतल्या प्रदूषणाने त्यात भर पडते.

उपाय कोणता, यावरून वादही झाले. १९७०च्या दशकात शार्त्रच्या पश्चिमेकडच्या १२व्या शतकातल्या तीन खिडक्या साफ करून त्यांच्यावर कृत्रिम राळेचा थर दिला गेला. याने काचेची मूळ झळाळी गेली, असं म्हणत चित्रकार आल्फ्रेद मानेसिए यांच्यासह अनेकांनी जाहीर विरोध केला. आता सहसा मूळ खिडकीच्या बाहेर साधी काच बसवतात आणि मध्ये हवा खेळती ठेवतात. पाऊस बाहेरची काच झेलते आणि जुन्या काचेला हात लावावा लागत नाही.

मुंबईतही पाहता येते

१९व्या शतकात युरोपात ही कला पुन्हा जोरात आली आणि ब्रिटिशांसोबत मुंबईत पोहोचली. कुलाब्याचं अफगाण चर्च, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई विद्यापीठाचं राजाबाई टॉवर आणि ग्रंथालय ही तिची ठळक उदाहरणं. राजाबाई टॉवर आणि ग्रंथालयाच्या इमारतीचं जतनाचं मोठं काम २०१५ मध्ये पूर्ण झालं, त्यात स्टेन्ड ग्लासचाही समावेश होता.

अशा कामाला कुशल हात लागतात आणि जुन्या काचेशी जुळणारी, फुंकून केलेली काचही लागते. ती बनवणारे कारखाने जगात आता मोजकेच उरले आहेत. २०२३ मध्ये युनेस्कोने हाताने काच बनवण्याच्या कौशल्याचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. फ्रान्स आणि जर्मनीसह ६ देशांनी मिळून त्यासाठी प्रस्ताव दिला होता.

स्टेन्ड ग्लास बघायची असेल तर दिवसा आणि इमारतीच्या आतून बघा. दिवसा बाहेरून तीच खिडकी काळपट दिसते.