टकलावरचा घरपोच इलाज

टकलावरचा इलाज घरबसल्या मागवण्याची पद्धत अमेरिकेत इंटरनेटच्या शंभरेक वर्षे आधीच रुळली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथली वर्तमानपत्रे केशवर्धक तेलांच्या आणि टॉनिकांच्या जाहिरातींनी भरलेली असत. न्यूयॉर्क राज्यातील सदरलँड घराण्याच्या सात बहिणी रंगमंचावर गात आणि आपले पायघोळ केस प्रेक्षकांना दाखवत. १८८०च्या दशकात त्यांच्या नावाचे केशवर्धक टॉनिक बाजारात आले आणि भरपूर खपले. शिकागोच्या ‘सिअर्स, रोबक’ कंपनीच्या जाड सूचिपत्रात कपडे आणि शेतीची अवजारे यांच्याबरोबर असली टॉनिकेही असत आणि ती टपालाने गावोगाव पोहोचत. १९३६च्या सुमारास रेडिओ बनवणाऱ्या क्रॉस्ली कंपनीने ‘झेरव्हॅक’ नावाचे डोक्यावर बसवायचे यंत्र काढले. टाळूवर आलटून पालटून हवेचा दाब आणि पोकळी निर्माण केली की केस उगवतात, असा त्याचा दावा होता. ते घरी वापरायला भाड्यानेही मिळे.

या व्यवहारात गिऱ्हाईक आणि जाहिरातदार यांच्यामध्ये तिसरे कोणी नव्हते. कायद्याने तो तिसरा हळूहळू आणून बसवला. १९०६च्या कायद्याने बाटलीवरच्या खोट्या मजकुराला आळा घालण्यास सुरुवात केली. १९३८मध्ये औषध सुरक्षित असल्याचे विक्रीपूर्वी दाखवणे बंधनकारक झाले. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणारी आणि चिठ्ठीविना मिळणारी औषधे अशी स्पष्ट विभागणी १९५१मध्ये झाली, आणि १९६२पासून औषध गुणकारी असल्याचा पुरावाही मागितला जाऊ लागला. चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या एकाही केशवर्धकाला असा पुरावा देता आला नाही. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८९मध्ये त्या सर्वांच्या दाव्यांवर बंदी आणली.

दरम्यान टकलाचे कारण उलगडले होते. शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२मध्ये दाखवले की, वयात येण्यापूर्वी वृषणे काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. मात्र आनुवंशिक कल असलेल्यांना पुरुषी संप्रेरक दिले तर ते पडते. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या डीएचटी या संप्रेरकामुळे केसांची मुळे आक्रसत जातात आणि केस दर चक्रात अधिक बारीक व आखूड उगवतात, हे पुढे स्पष्ट झाले.

सिद्ध झालेली पहिली दोन औषधे मात्र टकलासाठी शोधलेली नव्हती. मिनॉक्सिडिल हे मिशिगनमधील अपजॉन कंपनीचे रक्तदाबावरचे औषध. कोलोरॅडो विद्यापीठात त्याच्या चाचण्या चालू असताना रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले. १९७१मध्ये गुंटर कान आणि पॉल ग्रँट या डॉक्टरांनी त्याचे द्रावण स्वतःच्या हातावर लावून पाहिले. पुढे कंपनीशी पेटंटचा वाद झाला आणि अखेर कान यांचे नाव संशोधक म्हणून नोंदले गेले. १९८८मध्ये २ टक्क्यांचे द्रावण ‘रोगेन’ या नावाने, चिठ्ठीवर मिळणारे औषध म्हणून मंजूर झाले.

फिनास्टेराइडची वाट डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास गावातून जाते. तिथल्या काही कुटुंबांत डीएचटी तयार करणारे विकर जन्मतः कमी असे. ज्युलियन इम्पेरॅटो-मॅकगिन्ली यांनी १९७४मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे विकर कमी असलेल्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि त्यांना टक्कल पडत नसे. हे विकर रोखणारे औषध मर्क कंपनीने बनवले. १९९२मध्ये ते ५ मिलिग्रॅमच्या मात्रेत प्रोस्टेटसाठी आणि डिसेंबर १९९७मध्ये १ मिलिग्रॅमच्या मात्रेत टकलासाठी मंजूर झाले. मर्कच्या १,५५३ पुरुषांवरील चाचणीत दोन वर्षांनंतर छायाचित्रांवरून ६६ टक्के जणांत सुधारणा दिसली. औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्के होते.

औषधे सिद्ध झाली तशी मधल्या तिसऱ्याची पकड पुन्हा सैल होऊ लागली. १९९६मध्ये मिनॉक्सिडिल चिठ्ठीविना मिळू लागले. फिनास्टेराइड चिठ्ठीवरच राहिले. पण १९९८मध्ये लैंगिक दुर्बलतेवरची व्हायग्रा आल्यावर ती आणि फिनास्टेराइड ही दोन्ही औषधे प्रश्नावली भरून घेऊन विकणारी संकेतस्थळे निघाली. उत्तरे कोण वाचतो, याचा अनेकदा पत्ता नसे. अधिकृत ऑनलाइन दुकाने ओळखता यावीत म्हणून अमेरिकेतील औषधशास्त्र मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९९मध्ये प्रमाणपत्र सुरू केले.

२०१३मध्ये फिनास्टेराइडचे पेटंट संरक्षण संपले आणि गोळी स्वस्त झाली. २०१७मध्ये ‘हिम्स’ व ‘रोमन’ आणि त्यापाठोपाठ ‘कीप्स’ या सेवा सुरू झाल्या. प्रश्नावली, टाळूची छायाचित्रे, ग्राहकाच्या राज्याचा परवाना असलेल्या डॉक्टरचा निर्णय आणि घरी येणारे पाकीट, असा त्यांचा क्रम. औषधांचा स्वभाव या व्यापाराला सोयीचा होता. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड दोन्ही रोज वापरावी लागतात, परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात आणि थांबवली की मिळालेला लाभ काही महिन्यांत ओसरतो. त्यामुळे ग्राहक वर्गणीदार होतो. शिवाय पुरुषी टकलाचा नमुना बहुधा छायाचित्रातूनही ओळखता येतो.

प्रत्येक केसगळती मात्र तशी नसते. चाई, थायरॉइडचे विकार, लोहाची कमतरता, बाळंतपण किंवा मोठा ताप यांमुळेही केस जातात. त्यांचे इलाज निराळे असतात आणि त्यांतल्या काहींसाठी रक्ततपासणी लागते. फिनास्टेराइड घेणाऱ्याच्या प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीतील आकडा निम्म्यावर येतो, म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरला ते ठाऊक असावे लागते. गर्भवतीने ही गोळी घ्यायची नसतेच, पण फुटलेली गोळी हाताळायचीही नसते. काहींना लैंगिक दुष्परिणाम जाणवतात. गोळी बंद केल्यावरही ते राहिल्याच्या नोंदी २०१२मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात आल्या, तर आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख २०२२मध्ये जोडला गेला. काही सेवा दोन्ही औषधे एकत्र करून फवारा किंवा जेल बनवून देतात. टाळूवर लावायच्या फिनास्टेराइडला अमेरिकेत मंजुरी नाही. अशा मिश्रणांबाबत २०१९ ते २०२४ या काळात दुष्परिणामांच्या ३२ तक्रारी आल्याचे सांगून तिथल्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२५मध्ये इशारा दिला.

भारतात या सेवांना चौकट मिळाली ती २५ मार्च २०२०च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी. त्याच सुमारास मुंबईतून चालणाऱ्या ‘मॅन मॅटर्स’ आणि ‘त्रया’ यांसारख्या सेवा नावारूपाला आल्या. ‘त्रया’ने त्वचारोगशास्त्राला आयुर्वेद आणि आहाराची जोड दिली. औषध नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत टकलाचा समावेश आहे, म्हणजे टक्कल बरे करण्याचा दावा करून औषध विकता येत नाही. दूरवैद्यकाची तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरलाच औषध लिहू देतात. डॉक्टरची नोंदणी तपासण्याची जबाबदारी ती सेवा चालवणाऱ्यांवर आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता डॉक्टरला मदत करू शकते. रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची तिला परवानगी नाही. उत्तरे आणि छायाचित्रे यंत्राने गोळा केली तरी औषध द्यायचे की नाही, हे ठरवणारा डॉक्टर नावानिशी असावा लागतो.